पत्रात लिहिलंत, ते सीव्हीत का नाही?

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते. वय ३६, शिक्षण बी.कॉम. २०१४ ते २०२० कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्सला होते. लॉकडाऊनमध्ये तिथे माणसं कमी केली, त्यात माझंही काम गेलं. त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, मग घरीच राहिले. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. मुलगी आता दुसरीत आहे, म्हणून पुन्हा नोकरी शोधतेय. पाच महिन्यांत साठेक ठिकाणी सीव्ही पाठवला, एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. सीव्ही आमच्या सेक्टरमधल्या सायबर कॅफेत करून घेतला होता, तो सोबत जोडते.

तसं मी खूप काही केलंय असं नाही, नेहमीचीच अकाउंट्सची कामं. जीएसटी आला तेव्हा आमच्याकडे कोणालाच काही कळत नव्हतं, म्हणून मी सीएंच्या ऑफिसात जाऊन शिकून आले, मग रिटर्न्स मीच करायचे. ड्रायव्हरांचा हिशोब, पार्ट्यांकडून अडकलेले पैसे काढणं, हे होतंच. जावेच्या भावाची एक फर्म आहे. तो म्हणतो, २०२० पासून माझ्याकडे कामाला होतीस असं लिही, मी लेटर देतो. मन होत नाही, पण दुसरा रस्ताही दिसत नाही. माझं इंग्रजी बेताचं आहे. काय करू?

ता. क. मधली चार वर्षं आमच्या सोसायटीचा हिशोब मी बघत होते. पण ते काही नोकरीत धरत नाहीत ना?

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र आणि तुमचा सीव्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. पत्र एका पानाचं, सीव्ही चार पानांचा. पण तुम्हाला काय काम येतं ते मला पत्रातून कळलं, सीव्हीतून नाही. त्या चार पानांत सहा वर्षांच्या नोकरीला एकच ओळ मिळाली आहे: 'अकाउंट्स असिस्टंट, सर्व प्रकारची अकाउंट्सची कामे.' बाकीची जागा वडिलांचं नाव, पतीचं नाव, धर्म, जात, जन्मतारीख, उंची, छंद आणि शेवटची 'वरील माहिती सत्य आहे' ही प्रतिज्ञा यांनी व्यापली आहे. बायोडाटा हा शब्द आपण लग्नालाही वापरतो आणि नोकरीलाही, त्यातून हा घोळ होतो. तुमच्या एकटीच्या बाबतीत झालेला नाही, मी असे शेकडो पाहिलेत. पण साठ ठिकाणी गेला तो हा कागद, आणि या कागदावर तुमचं काम नाहीच.

म्हणून साठ जणांनी मला नाकारलं, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काय करू शकता हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

टेबलाच्या पलीकडे काय होतं ते सांगते. मी १४ वर्षं महापे आणि रबाळे एमआयडीसीतल्या कंपन्यांत एच.आर.ला होते. अकाउंटंटची जाहिरात दिली की दोन दिवसांत दीडशेच्या आसपास सीव्ही येऊन पडायचे आणि मालक म्हणायचे, 'शुक्रवारी चार जणांना बोलवा.' दीडशेतून चार. पहिल्या फेरीत एका सीव्हीच्या वाट्याला अर्धा मिनिट यायचं. हातात पेन्सिल घेऊन मी तीन गोष्टी शोधायचे: राहायला कुठे, शेवटच्या ठिकाणी नेमकं काय केलं, आणि टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी खरंच येतं की नुसतं लिहिलंय. पहिल्या अर्ध्या पानात हे दिसलं तर सीव्ही उजवीकडे, नाही दिसलं तर डावीकडे. डावीकडच्या गठ्ठ्यातही चांगली माणसं असणार, हे मला कळत होतं. पण तो गठ्ठा पुन्हा उघडायला कधी सवड मिळाली नाही. त्याची रुखरुख आजही आहे. तुमचा कागद उजवीकडे जावा, एवढ्यासाठी पुढचं सगळं लिहितेय.

तुम्ही म्हणता, खूप काही केलंय असं नाही. आणि पुढच्याच वाक्यात लिहिता की जीएसटी आला तेव्हा ऑफिसात कोणालाच कळत नव्हतं, मी शिकून आले. अहो, हेच तर काम! १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला तेव्हाचे दिवस ज्यांनी अकाउंट्समध्ये काढलेत, त्यांना विचारा. पोर्टल चालत नसायचं, मुदती पुन्हा पुन्हा वाढायच्या. त्यात ट्रान्सपोर्टचा धंदा आणखी किचकट, कारण भाड्यावरचा कर गाडीवाल्याने भरायचा की भाडं देणाऱ्या पार्टीने, हा आरसीएमचा (रिव्हर्स चार्जचा) गोंधळ. मग एप्रिल २०१८मध्ये राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी पोर्टलवर काढायचा कागद, आलं आणि त्यात गाडीचा नंबर भरल्याशिवाय गाडी हलेना. या सगळ्यातून एका कंपनीचे हिशोब तुम्ही पार नेलेत. सीव्हीत ती ओळ अशी यायला हवी: 'जुलै २०१७मध्ये कंपनीचे हिशोब जीएसटीत आणले; तेव्हापासून २०२०पर्यंत जीएसटीआर-१ आणि ३बी रिटर्न्स स्वतः तयार केली; ई-वे बिल आणि आरसीएमचं काम सांभाळलं.' नोकरीच्या कामांत ही ओळ सर्वांत वर.

आता 'ड्रायव्हरांचा हिशोब'. तुम्हाला हे दोन शब्द पुरतात, कारण आत काय काय येतं ते तुम्हाला पाठ आहे. वाचणाऱ्याला नाही. ट्रिपला दिलेली उचल, डिझेल, टोल, भत्ता, गाडी परत आल्यावर पावत्या जुळवून उरलेले पैसे वळते करणं, आणि हे सगळं किती गाड्यांचं? पंधरा की चाळीस? हा आकडा तुम्हालाच ठाऊक आहे आणि तो लिहायलाच हवा. 'चाळीस गाड्यांच्या ट्रिपचा खर्च रोजच्या रोज जुळवला,' असं वाचलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे ऑफिस उभं राहतं.

'पार्ट्यांकडून पैसे काढणं' हेही तसंच. पीओडीची, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीची, सही झालेली कॉपी आली नाही म्हणून बिल अडतं, बिल अडलं म्हणून पैसे अडतात, आणि तुम्ही फोन करून करून ते सोडवत होतात. जाहिरातीत याच कामाला 'अकाउंट्स रिसीव्हेबल' किंवा 'पेमेंट फॉलोअप' म्हणतात. तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द वेगळा आहे एवढंच, काम एकच. जाहिरातीत जो शब्द असेल तो सीव्हीत वापरा, काम मात्र तुमचं खरं लिहा. छोट्या कंपनीचा मालक अकाउंटंटकडून सगळ्यात आधी कशाची अपेक्षा करत असेल, तर अडकलेले पैसे वेळेत येण्याची. ही ओळ दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

आठवायला बसाल तेव्हा नुसतं 'मी काय काय केलं' असं विचारू नका, काही सुचत नाही. मुलीची एखादी कोरी वही घ्या आणि महिन्याच्या तारखा लिहा. ७ तारीख: टीडीएस भरायची. तुम्ही भरत होतात का, की फक्त आकडे काढून देत होतात? ११ तारीख: जीएसटीआर-१. १५ तारीख: पीएफ आणि ईएसआयसी. २० तारीख: ३बी. महिनाअखेर: बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, येणी-देण्यांची यादी काढणं. मार्चमध्ये काय? ऑडिटच्या वेळी सीएंकडून आलेली माणसं तुमच्याकडे काय मागायची? प्रत्येक तारखेपुढे तेव्हा तुमच्या हातात काय असायचं ते मराठीतच लिहा. अकाउंट्सच्या माणसाला तारखा कधी विसरत नाहीत, त्यांच्या मागोमाग कामं आपोआप आठवतात. दोन संध्याकाळी पुरतील. मग त्यातली सात-आठ चांगली कामं निवडा.

आकडे लिहा, पण ज्याचं उत्तर देता येईल तेवढेच. 'वसुली ४० टक्क्यांनी वाढवली' असलं काही कोणाच्या सांगण्यावरून लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि खरं काम केलेल्या माणसाला खोट्या आकड्यापायी मान खाली घालावी लागते.

आता तुमच्या ता. क.बद्दल. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. चार वर्षं सोसायटीचा हिशोब म्हणजे दर महिन्याला किंवा तिमाहीला मेंटेनन्सची बिलं, थकबाकीदारांची यादी, वॉचमन-सफाईचे आणि लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पेमेंट, बँक जुळवणी, वर्षअखेरीला ताळेबंद, ऑडिटरला कागद देणं, आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. हे बिनपगारी केलंत म्हणून ते काम नव्हतं असं कोण म्हणेल? 'मानद' हा शब्द प्रामाणिकपणे लिहा, फ्लॅट किती ते लिहा, कोणत्या सॉफ्टवेअरवर की एक्सेलवर केलंत ते लिहा. सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरींकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. ते पत्र जावेच्या भावाच्या पत्रापेक्षा शंभरपट मोलाचं आहे, कारण ते खरं आहे.

त्या दुसऱ्या पत्राविषयी स्पष्ट सांगते: घेऊ नका. तुमचं मन होत नाही असं तुम्हीच लिहिलंय, ते मन बरोबर आहे. आणि नुसती नीतीची गोष्ट नाही, व्यवहारातही हे टिकत नाही. जुन्या कंपनीत तुमचा पीएफ कापला जात असेल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, आहे आणि तो जन्मभर तोच राहतो. नव्या कंपनीत तोच द्यावा लागतो, आणि त्यात तुम्ही कुठे कधी लागलात, कधी सोडलंत याची नोंद असते. २०२०नंतर नोंद रिकामी आणि कागदावर पाच वर्षांची नोकरी, हे जुळलं नाही की प्रश्न सुरू होतात. मोठ्या कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेतात. जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी अशी गोष्ट उघडकीला येऊन लोकांना जावं लागलेलं मी पाहिलंय. त्यात एक मुलगी कामात इतकी चोख होती की खोटं न लिहिताही तिला घेतलं असतं. तिला निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. फार वाईट दिवस होता तो.

गॅप लपवायचा नाही, एका ओळीत सांगून टाकायचा. 'सप्टेंबर २०२० ते २०२५: घरातील आजारी ज्येष्ठ व्यक्तीची आणि लहान मुलीची देखभाल, या काळात गृहनिर्माण संस्थेचे हिशोब सांभाळले.' महिना तुमचा बरोबर तो घाला. आजाराचा तपशील नको, माफी मागितल्यासारखा सूर नको. आपल्याकडे घरोघरी हेच घडतं, आणि ज्या बाईच्या हातात तुमचा सीव्ही जाईल तिच्या घरीही बहुधा घडलंय. रिकामी जागा दिसली की वाचणारा मनाने काहीबाही भरतो, एक खरी ओळ दिसली की पुढे सरकतो.

पण गॅपचा एक भाग मात्र तुम्हाला भरून काढायलाच हवा, तो म्हणजे या काळात बदललेलं काम. तुम्ही सोडलंत तेव्हा टॅली ईआरपी ९ होतं, २०२०च्या अखेरीला टॅली प्राइम आलं. मेनू बदललाय, पण हिशोब तोच आहे, आठवडाभरात हात बसतो. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आता पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या यादीत दिसेल तेवढीच घेता येते, त्यामुळे दर महिन्याला खरेदीची बिलं २बीशी जुळवणं हे अकाउंट्समधलं मोठं काम झालंय. ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, आधी फक्त मोठ्या कंपन्यांना होतं, ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांनाही लागू झालं. ट्रान्सपोर्टवाल्यांना त्यातून सूट असल्याने तुमचा त्याच्याशी संबंध आला नसेल, पण रबाळ्याच्या इंजिनिअरिंग कारखान्यात तो येईल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकती केली नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच आयकरात धरतात, हा नियम आता प्रत्येक कारखान्यात लक्षात ठेवावा लागतो. आणि १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आहे. हे सगळं शिकायला मोठ्या फीचा क्लास नको. जुन्या सीएंचं ऑफिस तुम्हाला ओळखतं. तिथे महिनाभर अर्धा दिवस बसायला मिळतं का, विचारून बघा. २०१७ला तुम्ही हेच केलं होतं. मिळालं तर तीही एक ओळ सीव्हीत येते: टॅली प्राइम आणि २बी जुळवणीवर काम केलं, अमुक महिन्यात. ही ओळ दिसली की 'पाच वर्षं घरी होत्या, आता जमेल का' ही शंका निघून जाते.

आणखी एक गोष्ट, जी वाचताना मला चर्रकन लागली. सीव्हीवर मोबाइल नंबर तुमच्या मिस्टरांचा आहे आणि ई-मेलही त्यांचाच. हेतू चांगला असेल, त्यांनीच फॉर्म भरून दिले असतील. पण काय होतं सांगते. एच.आर.ची मुलगी दुपारी फोन करते, ते ड्युटीवर असतात, 'ती घरी आहे, संध्याकाळी करा' म्हणतात. संध्याकाळपर्यंत तिचे चार जण ठरलेले असतात. कदाचित त्या साठांतले दोन-तीन फोन असेच हवेत गेले असतील. तुमच्या नावाने नवीन ई-मेल उघडा, नाव आणि आडनाव एवढंच असलेला, आणि नंबर तुमचा स्वतःचा द्या. अनोळखी नंबर उचलायची सवय करा. पुढचे काही महिने फोन आवाज बंद करून ठेवू नका.

पत्ता मात्र पूर्ण देऊ नका. फ्लॅट, सेक्टर, लँडमार्क काही नको. 'कोपरखैरणे, नवी मुंबई' पुरे. आधार नंबर, पॅन नंबर तर अजिबात नको, सीव्ही किती हातांतून फिरतो याचा पत्ता नसतो. पण कोपरखैरणे हे नाव ठळक दिसू द्या, कारण ती तुमची जमेची बाजू आहे. ट्रान्सहार्बर लोकलने तुम्हाला तुर्भे एक स्टेशन, रबाळे दोन स्टेशनं. महाप्याला रिक्षाने जाता येतं. एच.आर.ला माहीत असतं की लांबून येणारा माणूस पावसाळ्यात लोकल अडकली की येत नाही आणि जवळची नोकरी मिळाली की सोडतो. दीडशे सीव्हींमध्ये जवळची माणसं मी आधी बाजूला काढायचे.

इंग्रजीची काळजी वाटते ती गैरलागू आहे. सीव्ही इंग्रजीत असावा, कारण आपल्याकडच्या कंपन्यांत तोच चालतो, पण सीव्हीचं इंग्रजी म्हणजे पूर्ण वाक्यं नव्हेतच. प्रत्येक ओळ एका क्रियापदाने सुरू होते: प्रिपेअर्ड, रिकन्साइल्ड, मेंटेन्ड, फॉलोड अप, सबमिटेड. ही पाच क्रियापदं आणि तुमच्या कामाचे शब्द, जे मुळात इंग्रजीच आहेत, एवढ्यात तुमच्या सगळ्या ओळी बसतात. वहीतली मराठी कामं चॅटजीपीटीसारख्या ठिकाणी टाकून इंग्रजी नीट करून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त 'मला अकाउंटंटचा सीव्ही लिहून दे' असं सांगू नका. मग सगळ्यांना मिळतो तोच मिळतो, 'डायनॅमिक', 'रिझल्ट ओरिएंटेड', आणि पेन्सिल त्यावरून नुसती घसरते. जो शब्द तुम्ही बोलताना वापरणार नाही तो सीव्हीत ठेवू नका. 'अॅडव्हान्स्ड एक्सेल' लिहिलंय तुमच्या सीव्हीत. व्हीलूकअप आणि पिव्होट येतं का? येत असेल तर तेच दोन शब्द लिहा. बहुतेक ठिकाणी समोर लॅपटॉप ठेवून करून दाखवायला सांगतात.

कागदाचा आकार: दोन पानं, त्याहून जास्त नको. वर नाव, नंबर, ई-मेल, गाव. त्याखाली तीन ओळींत तुम्ही कोण: सहा वर्षांचा ट्रान्सपोर्टमधला अकाउंट्सचा अनुभव, जीएसटी आणि वसुली, टॅली. मग नोकरी, मग सोसायटी, मग शिक्षण. बी.कॉम.ला एक ओळ, एमएस-सीआयटीला अर्धी, दहावी-बारावीचे टक्के आता कोणी विचारत नाही. 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणून जो परिच्छेद आहे तो काढा. फोटो नको, छंद नकोत, प्रतिज्ञा नको, अपेक्षित पगारही नको. सरकारी किंवा सहकारी बँकेच्या भरतीत अर्जाचा नमुना ठरलेला असतो, तिथे ते मागतील ते द्यायचंच. मी बोलतेय ते खासगी कंपन्यांचं.

तुमच्या आत्ताच्या सीव्हीत डाव्या बाजूला निळी पट्टी आहे आणि टॅलीपुढे पाचापैकी चार तारे. ती पट्टी दिसायला छान आहे, पण नोकरीच्या साइट आणि मोठ्या कंपन्या सीव्ही आधी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. दोन रकाने, चौकटी, चित्रं यांत ते सॉफ्टवेअर गोंधळतं आणि ताऱ्यांचा अर्थ त्याला लागत नाही. घरी तपासून बघा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मी तुमचा करून पाहिला. तुमच्या नावाच्या जागी 'हॉबीज' आलं, कंपनीचं नाव एकीकडे आणि तारखा तिसरीकडे. मशीनने वाचलं ते हे. एकाच रकान्यात साधा मजकूर टाइप करा, वर्डमधून पीडीएफ काढा, स्कॅन केलेला कागद पाठवू नका. फाइलला 'न्यू फायनल २' असं नाव आहे, तिथे तुमचं नाव आणि 'अकाउंट्स' एवढं असू द्या.

नावाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पडेल. तुमची मार्कशीट माहेरच्या नावाची असणार आणि आधार-पॅन सासरच्या नावाचं. सीव्हीवर आधारवर आहे तेच नाव घाला आणि विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा. यूएएनमधलं नाव आधारशी जुळतं का तेही आत्ताच बघून घ्या. ऑफर आल्यावर धावाधाव नको.

पाठवण्याबद्दल थोडंसं. साठ ठिकाणी तोच कागद पाठवण्यापेक्षा आठवड्याला पाच जाहिराती निवडा आणि वरच्या तीन ओळी प्रत्येकीप्रमाणे बदला. ई-मेलमध्ये नुसती फाइल जोडू नका. कोणत्या जागेसाठी, कुठे राहता, काय केलंय, कधीपासून येऊ शकता, अशा चार ओळी लिहा. तुमच्यासाठी जागा कुठे आहेत याचाही विचार करा. ट्रान्सपोर्टचा अनुभव ज्यांना सोन्यासारखा वाटेल ते लोक तुमच्या आसपासच आहेत: कळंबोली, तळोजा, तुर्भे, आणि न्हावा-शेवा बंदराचं काम करणारे फ्रेट फॉरवर्डर आणि कस्टम्स ब्रोकर, ज्यांची कितीतरी ऑफिसं वाशी-बेलापूरला आहेत. तिथे ई-वे बिल, गाड्यांचा हिशोब, पार्टीचं पेमेंट हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटकडेही बघा, फक्त जाण्या-येण्याचा वेळ मुलीच्या शाळेशी जुळतो का ते आधी ठरवा. रबाळे, महापे, तुर्भ्याच्या छोट्या कारखान्यांत अजूनही सकाळी गेटवर जाऊन सिक्युरिटीकडे सीव्ही दिला तर तो ऑफिसात पोचतो, मी असे आलेले सीव्ही वाचलेत आणि त्यातून माणसं घेतलीत. जुन्या कंपनीतल्या ज्या पार्ट्यांना तुम्ही रोज फोन करत होतात, त्यांतल्या दोघा-तिघांनाही कळवा. तुम्ही हिशोबाला किती पक्क्या आहात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

आणि विमानतळावर किंवा बंदरात लावून देतो, फॉर्मचे किंवा डिपॉझिटचे अमुक हजार भरा, असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका. नोकरी देणारा पैसे मागत नाही.

वही झाली की आधी ती मला पाठवा, मराठीतच, सीव्ही करायच्या आधी. गाड्यांचा आकडा, सोसायटीतले फ्लॅट आणि त्या सहा वर्षांत तुम्ही सोडवलेलं सगळ्यात जुनं अडकलेलं बिल कोणतं, किती महिन्यांचं, हे त्यात हवं. आणि पाठवाल तेव्हा तुमच्या स्वतःच्या ई-मेलवरून पाठवा.